घरची वाळू

लेग्नित्साजवळून,
३ नोव्हेंबर १९६८

प्रिय ओनुफ्रीदादा,

तुझा ट्रक वळणाआड गेला आणि आमच्या दान्कोनं लगेच निकाल दिला : "लोक येताना सॉसेज आणतात, व्होडका आणतात. तुझा भाऊ अख्खा देश ओलांडून दोन पोती वाळू घेऊन आला! लग्नाआधी सांगितलं असतंस तर मी विचार केला असता." मी म्हटलं, नवरोबा, लग्नाआधी तू विचार करत होतास हेच मला नवीन आहे.

पण आईला बघायला तू आणखी एक दिवस थांबायला हवा होतास. कमरेचं हाड मोडल्यापासून ती चुलीजवळच्या खाटेवरून हललेली नाही, ते तू पाहिलंसच. तू गेल्यावर तिनं तळघरातून बादलीभर वाळू वर मागवली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. "थंड आहे," म्हणाली, "आपलीच आहे." आणि रडायला लागली. सत्तेचाळीस साली पोलिश सैनिकांनी आपल्याला गावातून काढून या परक्या मुलखात आणायला मालगाडीत कोंबलं तेव्हासुद्धा ती रडली नव्हती. तेव्हा सगळ्यांच्या वाट्याचं मी एकटीच रडले, असं तूच तर लोकांना सांगत फिरतोस.

गाजरं काल वाळूत घातली. एक थर वाळू, एक थर गाजरं, एकाला दुसऱ्याचा स्पर्श नाही, सगळं आईच्या हुकमानुसार. ती वरून ओरडत होती आणि मी खालून "हो, हो" करत होते.

तुला ट्रकच्या इंजिनापलीकडं काही कळत नाही, म्हणून सांगून ठेवते. गाजर पहिल्या वर्षी नुसतं मूळ देतं. ते मूळ हिवाळाभर तळघरात जपायचं आणि वसंतात पुन्हा जमिनीत लावायचं, तेव्हा कुठं त्याला फुलं येतात आणि बी धरतं. गेले दोन उन्हाळे ऐन फुलावर पावसानं झोडपलं आणि बी धरलंच नाही. डब्याच्या तळाशी जुनं चिमूटभर उरलं होतं, ते सगळं मी या वर्षी पेरून टाकलं. म्हणजे आईनं गावाहून रुमालाच्या गाठीत बांधून आणलेलं जे काही होतं, ते आता तळघरातल्या दोन पेट्यांत आहे, बाकी कुठं नाही. पिवळी, जांभळ्या खांद्याची, वेडीवाकडी. बाजारात कुणी ढुंकूनही बघणार नाही. पण ही गेली, तर क्रिवा पोल्याना या आपल्या गावचं म्हणून जिवंत असं आपल्याकडं काहीच उरत नाही.

एक बरं झालं. दर वर्षी खाणीतून वाळू आणायची आणि वसंतात आईच्या "परकी वाळू, टाका बाहेर" या मंत्रावर ती रस्त्यावर फेकायची, हा जाच सुटला. घरची वाळू कोण फेकतं? मी दान्कोला म्हटलं, आपल्या नातवंडांना पुरेल.

वाळूत थोडे काळे दाणे आहेत, उंदराच्या लेंड्यांसारखे. मी काही वेचले, मग कंटाळले. दान्को म्हणतो, गावचे उंदीर आहेत, त्यांनाही राहू दे.

तुझी,
तेक्ला


लाकूडगिरणी, गोर्लित्से,
२० नोव्हेंबर १९६८

चि. तेक्ला,

दान्कोला सांग, पुढच्या खेपेला त्याच्यासाठी गावचा धोंडा आणतो. डोक्याखाली घेऊन झोपला तर दोघांपैकी जास्त शहाणं कोण ते कळेल.

आईचं वाचून मी पत्र घेऊन गिरणीच्या मागं गेलो, कारण इथले लोक रडणाऱ्या ड्रायव्हरला ट्रक देत नाहीत. मला वाटलंच होतं तिला बरं वाटेल. तिनं त्या दिवशी विचारलं, "ओढ्यावरची का रे?" मी म्हटलं, "घरची!" ओढ्यावरची कशाला आणू? ओढ्याची वाळू वाहती. आज इथं, उद्या समुद्रात. कुणाचीही आणि कुणाचीच नाही. मी आणली ती आपल्या बापानं बांधलेल्या तळघरातली.

तुला पुरतं सांगितलं नव्हतं, कारण आईसमोर सांगवेना. घर नाही, तेक्ला. देऊळ नाही. सगळीकडं माणसाच्या उंचीचं, अंगाला खाज आणणारं रान. एक नासपतीचं झाड आहे, तेही अर्धं वाळलेलं. पण आपलं दगडी तळघर जसंच्या तसं, कमानीचा एक दगड हललेला नाही. सरकारी मेंढ्यांचे राखणदार त्यात आपल्या घोड्यांची गाजरं आणि सलगम ठेवतात. मी त्यांच्या मुकादमाला म्हटलं, हे माझ्या बापाचं तळघर आहे. तो म्हणाला, "मग पाठीवर घे आणि चालता हो." शेवटी एका बाटलीवर सौदा पटला आणि त्यानं मला दोन पोती भरू दिली. वरची वाळू मी घेतली नाही. पार मागच्या कोपऱ्यातली, तळातली खणून काढली. आजीच्या हाताची.

माझ्या मनात आणखी एक बेत आहे. तो आत्ता सांगत नाही, आपल्या जानेवारीतल्या नाताळपर्यंत दम धर. इतकंच सांगतो की ट्रकवाल्या माणसाला देशभर रस्ते मोकळे असतात.

गाजरांना जप. आणि स्वतःलाही.

तुझा दादा,
ओनुफ्री


१२ डिसेंबर १९६८

दोलाताबाई, शेतकी सल्लागार, यांस,

सप्रेम नमस्कार. आपण गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत बटाट्याच्या रोगांवर बोलला होता. मी मागच्या बाकावर बसून मोजे विणत होते आणि आपण मला दोनदा बोलला होता. तरीही लिहिते आहे, कारण दुसरं कुणी मला माहीत नाही.

आमची बियाण्यासाठीची गाजरं तळघरात ओलसर वाळूत ठेवली आहेत. काल पहिली पेटी उघडली तर वरच्या थरावर कापसासारखी पांढरी बुरशी. बोट लावलं तर गाजर आत जातं, पाणी सुटतं. त्या कापसात कुठं कुठं काळे कठीण गोळे धरले आहेत, राईएवढे, काही वाटाण्याएवढे. अशा वेळी काय करतात? बेताबेतानं सांगू नका. हे वाण दुसरीकडं मिळत नाही.

एक गाजर आणि मूठभर वाळू सोबत पाठवते.

आपली,
तेक्ला होरबाल


१८ डिसेंबर १९६८

तेक्लाबाई,

मोज्यांचं मला आठवतं. चांगले विणले जात होते, म्हणूनच राग आला होता.

तुम्ही पाठवलेलं पाहिलं. ही पांढरी कूज आहे. ती साठवणीतल्या गाजराची सगळ्यात वाईट बुरशी. एकापासून दुसऱ्याला लागते, थंडीतही थांबत नाही, आणि लागलेलं गाजर वाचवणारं औषध माझ्याकडं नाही, कुणाकडंच नाही. बेताबेतानं नको म्हणालात, म्हणून सरळ लिहिलं.

काळे गोळे म्हणजे त्या बुरशीची झोपलेली बीजं समजा. ती मातीत, वाळूत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. तुमच्या मूठभर वाळूतच मला असे दाणे भरपूर सापडले आणि ते या हिवाळ्यातले नाहीत, जुने आहेत. म्हणजे रोग गाजरांबरोबर शेतातून आलेला नाही, वाळूबरोबर आला आहे. ही वाळू पूर्वी कुठंतरी सडक्या गाजरांखाली होती. कुणी दिली असेल त्याला सांगा की दुसऱ्या कुणाला देऊ नका.

आता करण्यासारखं एवढंच : एक एक गाजर बाहेर काढा. जरा जरी मऊ असेल तर जाळा. धडधाकट वाटतील ती कोरड्या फडक्यानं पुसा आणि कधी न वापरलेल्या वाळूत, दुसऱ्या खोलीत ठेवा. जुनी वाळू बागेत टाकू नका, खतातही नको. खोल पुरा.

धडधाकट वाटणाऱ्यांतही बुरशी आत शिरलेली असू शकते. आशा ठेवू नका असं मी म्हणणार नाही, पण थोडी ठेवा.

क. दोलाता


२२ डिसेंबर १९६८

प्रिय दादा,

नाताळाआधी हे पत्र मिळावं म्हणून घाईनं लिहिते. पहिल्या पेटीतली बरीच गाजरं मऊ पडली. आमच्या तळघरात या वर्षी ऊब जास्त राहिली असावी. स्वयंपाकघर बरोबर वर, आईसाठी चूल दिवसरात्र पेटलेली, त्यामुळं असेल. मी निवडून चांगली वेगळी काढली आहेत आणि मागच्या खोलीत ठेवली आहेत.

आईला यातलं काही माहीत नाही. ती रोज एक गाजर हातात मागते. मी देते.

वाळू छान आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तेक्ला


२ जानेवारी १९६९

तेक्ला,

मनाला लावून घेऊ नकोस म्हणतेस? मग कुणी लावून घ्यायचं, दान्कोनं?

ऊब जास्त राहिली! आईनं ते बी अंतर्वस्त्रात दडवून आणलं. सैनिक पोती उलटी करून बघत होते तेव्हा तिनं उभ्या अंगानं ते वाचवलं. परक्या घरात, परक्या मातीत एकवीस वर्षं तिनं ते चालवलं. तुझ्या हाती कारभार आला आणि पहिल्याच वर्षी पेटीच्या पेटी सडली. तळघराचा झरोका उघडा ठेवायचा असतो एवढं तरी तुला कळायला हवं होतं. चुलीपासून लांबच्या भिंतीला पेट्या लावायच्या, फरशीवर नाही, फळ्यांवर ठेवायच्या. मी इथं नुसता ट्रकवाला, मला कळतं आणि तुला कळत नाही?

कडक लिहितोय, पण मला रात्रभर झोप लागली नाही. मी तिकडं वाळू आणून देतो आणि तू तिच्यात गाजरं सडवतेस.

दुसऱ्या पेटीचं लिही.

ओनुफ्री


१० जानेवारी १९६९

प्रिय दादा,

नाताळाच्या शुभेच्छा. तुझं पत्र बरोबर सणाच्या आदल्या संध्याकाळी आलं. दान्कोनं वाचलं आणि म्हणाला, "उंटावरून शेळ्या हाकतोय तुझा भाऊ." मी त्याला गप्प केलं. तू म्हणतोस ते सगळं खरं. झरोका बंद होता. पेट्या फरशीवर होत्या. माझीच चूक.

दुसरी पेटीही गेली. वेगळी काढलेली होती त्यांच्यातून रोज एखाद-दुसरं मऊ पडतं आहे. मी सकाळी दिवा घेऊन खाली जाते तेव्हा आधी दारात उभी राहते, कारण आत जाऊन बघितलं की तेवढं कमी झालेलं असतं. आता ओंजळीत मावतील एवढी राहिली आहेत. मला वाटतं तीही जातील.

आईसाठी मी सहकारी दुकानातून गाजरं आणते. माती फासून देते. आताशा अंधूकच दिसतं तिला. तिनं सणाच्या जेवणाला एक हातात धरून ठेवलं होतं, रिवाजाचे बारा पदार्थ होईपर्यंत सोडलं नाही. मी मान खाली घालून आंबट कढी वाढत होते.

पण दादा, एक वाट आहे आणि तीही तुझ्यामुळं. परानियाआत्या! आपल्याला वेगवेगळ्या गाड्यांत घातलं तेव्हा स्टेशनवर आईनं रुमाल सोडून अर्धं बी तिला दिलं होतं, आठवतं? आत्या अजून तीच गाजरं लावते. मागच्या वर्षी तिनं पत्रात लिहिलं होतं की ती इकडच्यापेक्षा तिच्याकडं गोड होतात आणि आईनं ते वाचून दोन दिवस अबोला धरला होता. गोझूवकडं तुझी फेरी असते ना? तिच्याकडून चार-पाच मुळं मागून घे. वसंतात ती लावली की झालं. पाऊस नसला तर पुढच्या शरदात पुन्हा बी घरात. आईला कधी कळणारही नाही.

लवकर कर. मी तुझ्या पायां पडते.

तेक्ला


१८ जानेवारी १९६९

चि. तेक्ला,

रागावलो होतो, ते विसर. तुझी चूक तू कबूल केलीस, तिथं विषय संपला. आणि आता हस, कारण तुझा दादा तुझ्या एक पाऊल पुढं आहे!

परानियाआत्याकडं मी जाऊन आलो. डिसेंबरात, संत मिकोलायच्या सणालाच. हाच तर माझा बेत होता. नोव्हेंबराच्या शेवटी पुन्हा गावात गेलो, त्या मुकादमाला आणखी एक बाटली दिली आणि ट्रकच्या मागं चांगली पाच पोती भरली. वाटेवर आपल्या गावची जी घरं पांगली आहेत, त्यांना थोडी थोडी वाटत गेलो. लोक पोत्यात नाक घालून वास घेतात, तेक्ला! सेमानकाकानं मुठीत घेऊन छातीला लावली आणि मला घराबाहेर जाऊ देईना.

आत्याला मी सगळ्यात जास्त दिली, भरलेलं अख्खं पोतं. ऐंशीची म्हातारी, पण त्याच दिवशी तळघरात उतरली आणि म्हणाली, "परक्या वाळूत कशाला राहतील आता पोरं?" आपल्या हातानं एकूण एक गाजर काढून नव्या पेटीत घातलं, एकेकाशी बोलत. मी दिवा धरून उभा होतो. बी तिच्याकडंही उरलेलं नाही, मागच्या पावसानं तिचंही धुतलं. पण मुळं काय सुंदर! मनगटाएवढी.

तेव्हा काळजी सोड. फेब्रुवारीत त्या बाजूची फेरी आहे. चार-पाच कशाला, टोपलीभर आणतो. घरच्या वाळूत आहेत, कुठं जातात?

तुझा दादा,
ओनुफ्री


२२ जानेवारी १९६९

दादा,

आधी बस. कुणी जवळ असेल तर त्याला बाहेर पाठव.

मी तुझ्याशी खोटं बोलले. झरोका उघडा होता. पेट्या फळ्यांवरच होत्या. चुलीचा दोष नाही, माझा नाही, दान्कोचा नाही. रोग वाळूत होता. ते काळे दाणे उंदरांचे नव्हते. ती पांढऱ्या बुरशीची बीजं आहेत, वर्षानुवर्षं मरत नाहीत. शेतकी कचेरीतल्या दोलाताबाईंनी वाळू तपासून डिसेंबरातच मला लिहिलं होतं. राखणदारांची गाजरं त्या तळघरात सडत आली असणार आणि तू नेमकी त्यांच्याखालची वाळू उचललीस.

त्यांनी मला हेही लिहिलं होतं की ज्यानं दिली त्याला सांग, आणखी कुणाला देऊ नको. मी सांगितलं नाही. तुला कसं सांगू? तू आमच्यासाठी म्हणून आणलीस. आईनं त्यात हात घालून रडून घेतलं. मला वाटलं, दोन पेट्या गेल्या त्या गेल्या, निदान तुझं तेवढं तरी शाबूत राहू दे. तू मला बोललास तर बोललास, मला सवय आहे. तू दुसऱ्यांनाही देशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बेत आहे म्हणून लिहिलं होतंस, मी विचारायला हवं होतं.

फेब्रुवारीची वाट बघू नकोस. ट्रक मिळाला नाही तर रेल्वेनं जा. आत्याची सगळी गाजरं बाहेर काढ, जरा मऊ लागेल ते जाळ. बाकीची कोरडी पुसून कधी न वापरलेल्या वाळूत ठेव, दुसऱ्या खोलीत. तिची वाळू बागेत जाऊ देऊ नकोस. आणि सेमानकाकाला आणि ज्यांना ज्यांना दिलीस त्यांना कळव.

तिच्याकडं पोचायला उशीर झाला नसेल. मिकोलायच्या सणापासून अजून फार दिवस झालेले नाहीत. मी स्वतःला हेच सांगते आहे.

तुझी तेक्ला


गोझूवहून,
१६ फेब्रुवारी १९६९

तेक्ला,

तुझं पत्र मला उशिरा मिळालं. आमची गिरणीची तुकडी वरच्या जंगलात होती, रस्ते बर्फानं बंद, टपाल खाली पडून. मिळालं त्याच दिवशी निघालो.

आत्यानं आधी मला तळघरात जाऊच दिलं नाही. दारात चुलीचा चिमटा घेऊन उभी राहिली. "माझ्या गाजरांना हात लावशील तर बघ! घरच्या वाळूत काही सडत नसतं. तुझ्या बहिणीला सांभाळता आली नाहीत, ते माझ्यावर कशाला ढकलतोस?" मी म्हटलं, आत्या, फक्त बघू दे. "बघायचं काय आहे? पोरं झोपली आहेत." मग मी गुडघ्यांवर बसलो, तेव्हा घाबरली आणि बाजूला झाली.

मी पेटीत हात घातला आणि तो आत गेला, तेक्ला. गाजरं होती तिथं काही नव्हतं, नुसता गारगार लगदा. वर कापूस. आणि ते काळे.

आत्या पुढं झाली. दिवा जवळ आणून पेटीत बघत राहिली. मग मला विचारलं, "कुठली आणलीस ही वाळू?"

"घरची."

"घरची म्हणजे कुठली? ओढ्याच्या वळणावरची ना?"

"नाही. आपल्या तळघरातली."

"तळघरातली?" तिनं दिवा खाली ठेवला. "अरे मूर्खा, तळघरातली वाळू आम्ही दर वसंतात रस्त्यावर फेकून द्यायचो! दर शरदात पहिलं दव गोठलं की सगळ्या बाया टोपल्या घेऊन ओढ्यावर. धुतलेली, नवी वाळू. एका वाळूत दोन हिवाळे कुणी गाजर ठेवलं तर त्या घरात पोरगी देत नसत. तुझ्या आईनं तुला सांगितलं नाही?"

मी म्हटलं, आई परकी वाळू फेकायची. परकी होती म्हणून फेकते, असं आम्हाला वाटायचं.

"जुनी वाळू होती म्हणून फेकायची," आत्या म्हणाली.

मी अकरा वर्षांचा होतो, तेक्ला. बायांच्या कामात मी कधी लक्षच दिलं नाही. गावात काय काय होतं त्याच्या गोष्टी मी इतकी वर्षं गिरणीतल्या लोकांना सांगत आलो आणि गाव काय फेकून द्यायचं हे मला माहीत नव्हतं. आईनं विचारलं होतं, ओढ्यावरची का, आणि मी तिला शहाणपणानं म्हटलं, घरची.

पेटीच्या तळाशी थोडी धड दिसणारी सापडली. पुसून नव्या वाळूत, तिच्या झोपायच्या खोलीत ठेवली आहेत. आत्या म्हणते मी रोज बघेन. माझ्याशी ती यापलीकडं बोलत नाही. जेवायला मात्र वाढलं.

सेमानकाकाकडं जाऊन आलो. त्यानं वाळू गाजरांत घातली नव्हती, देवाच्या तसबिरीखाली वाटीत ठेवली आहे. टाकायला सांगितलं तर म्हणाला, नाही टाकणार. बाकीच्यांकडं जातो. प्रत्येक दारात हेच सांगायचं आहे.

तू मला आधी सांगायला हवं होतंस. मी तुला बोललो ते आठवतं आणि माझ्या अंगाची आग होते.

ओनुफ्री


लेग्नित्साजवळून,
२० जुलै १९६९

प्रिय दादा,

फेब्रुवारीनंतर तुझी एक ओळ नाही. गिरणीत विचारलं तर कळलं की तू धड आहेस, लांबच्या फेऱ्या मागून घेतोस आणि कुणाशी बोलत नाहीस. तेव्हा मीच लिहिते. तुला वाटत असेल की मी रागावले आहे. होते. मार्चपर्यंत. स्वतःवर जास्त.

आत्याचं तुला कळलं नसेल. वाचवलेल्या गाजरांपैकी बरीच वसंताआधीच गेली. उरली ती तिनं एप्रिलात एका फडक्यात गुंडाळून, दान्को तिकडं गेला तेव्हा त्याच्याबरोबर पाठवली, स्वतःकडं एकही ठेवलं नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, "आता मला खाली वाकता येत नाही. तुझ्याकडं लाव." मी विहिरीजवळ, जिथं कधी गाजर लावलं नव्हतं तिथं लावली. दोन मुळांना पानं फुटली. मी दान्कोला ओरडत जाऊन सांगितलं आणि त्यानं चक्क टोपी काढली. मेच्या शेवटी पानं पिवळी पडली. ओढलं तर पानं हातात आली, खाली काही नव्हतं. दोलाताबाईंना पुन्हा लिहिलं. त्यांनी वॉर्साच्या बीसंग्रहापर्यंत चौकशी केली, तिकडं आपल्या भागातलं असं गाजर कुणी कधी गोळा केलेलंच नाही. आपल्या गावच्या बाकी लोकांनाही विचारून झालं. कुणाकडं काही नाही. संपलं, दादा.

आईला मी सांगितलं नाही. रोज दुकानातलं गाजर, रोज माती. वसंतात सांगितलं लावली, जूनमध्ये सांगितलं दांडे वर आले. ती "बरं" म्हणायची.

काल ऊन चांगलं पडलं म्हणून दान्कोनं तिला खुर्चीसकट उचलून अंगणात आणलं. हा महिना कसला, ते तुला माहीत नसेल, तू तेव्हा कायम रस्त्यावर असायचास. या महिन्यात रस्त्याकडेच्या चरात रानगाजर फुलतं. त्याचे परागकण आपल्या फुलांवर आले की बी बाटतं, पुढच्या वर्षी दोरीसारखी पांढरी मुळं निघतात. म्हणून इथं आल्यापासून दर जुलैत आई सकाळीच कोयता घेऊन निघायची आणि आमच्या शेतापासून थेट फाट्यापर्यंत एकही रानगाजर उभं ठेवायची नाही. शेजारच्या पोलिश बाया हसायच्या, रस्ता झाडायला सरकारनं तुला नेमलंय का म्हणून. कंबर मोडल्यावर मागच्या उन्हाळ्यात ती खाटेवरूनच खिडकीबाहेर बोट दाखवून मला सांगत होती, "ते राहिलं. ते बघ, त्या खांबामागं."

तेव्हा काल मीही कोयता घेतला. आईच्या डोळ्यांदेखत घेतला. नाही घेतला असता तर तिनं विचारलं असतं.

"कुठं निघालीस?" ती म्हणाली.

"चरात. रानगाजर काढून येते."

ती चराकडं तोंड करून बसली होती. तिला किती दिसतं मला माहीत नाही, पण एवढं पांढरं तिलाही दिसलं असेल.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, बी बाटेल."

"कुणाचं?"

कोयता हातात तसाच.

"हिवाळ्यातच कळलं मला," आई म्हणाली. "तू खालून वर यायचीस तेव्हा तुझ्या हाताला वास यायचा. लहानपणी आमच्या घरी एकदा झालं होतं तसलं. तू एवढ्या मेहनतीनं माती फासायचीस, मग मी म्हटलं, फासू दे." मग चराकडं बोट करून म्हणाली, "फुलू दे त्यांना आता. त्यांनी कुणाचं काय बिघडवायचं राहिलंय?"

मी तिला तुझं सांगितलं. तळघर, ओढा, सगळं. सांगू नको असं तू कधी म्हणाला नाहीस आणि मला आता आणखी काही लपवायचं नाही. ती ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "पोरगं होतं. त्याला कोण सांगणार होतं? ओढ्यावर बायाच जायच्या."

ये, दादा. एकदा तरी ये. ती तुझ्यावर रागावलेली नाही. ती कुणावरच रागावलेली नाही, चिडत नाही, ओरडत नाही, गाजर मागत नाही. खुर्चीत बसून त्या पांढऱ्या फुलांकडं बघत असते. मला त्याचीच भीती वाटते.

तुझी,
तेक्ला